एक्केचाळीस नंबरची माती

पान नव्हतं.

बोंगेकिले म्बाथानं बेवारशी प्रेतांचं जुनं रजिस्टर उचलून खिडकीशी नेलं आणि पुन्हा उघडलं. पान एकशे अकरा, मग थेट एकशे तेरा. मधे शिवणीलगत काडीएवढी पट्टी उरली होती. बाकीची पानं चहाच्या रंगाची झालेली. त्या पट्टीची कड मात्र पांढरी होती.

"शेझी, इकडे या जरा."

वेलाफी शेझी चष्मा पुसत आला. न्सिंगवेनी नगरपालिकेचा रेकॉर्डकीपर. पंचेचाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, हळू आवाजात बोलणारा. त्यानं वाकून पाहिलं.

"कापलंय, सिसी," ताई म्हणावं तशा अदबीनं तो म्हणाला.

"कधी?"

"जुनी कड पिवळी असती."

"म्हणजे अलीकडेच. किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. पण दिवसभर त्या खिळ्याला लटकलेली असते. कचेरीत चाळीस माणसं आहेत."

"बाहेरचं कुणी आलं होतं?"

त्यानं पाहुण्यांची वही पुढे केली. वर्षभरात एकच सही होती. दोन महिन्यांपूर्वी डर्बनहून एक वकील येऊन गेला होता, जुन्या पोलिसांचे खटले लढवणारा. बोंगेकिलेनं नाव टिपून घेतलं.

बोंगेकिले माहितीच्या हक्काच्या कचेरीतून आली होती. या देशात कुणीही उठून सरकारला म्हणू शकतो, माझ्या माणसाचा कागद दाखव. तीस दिवसांत दाखवावा लागतो. सापडत नसेल तर कुठं कुठं शोधलं ते अधिकाऱ्याला शपथेवर लिहून द्यावं लागतं. बहुतेक नगरपालिका दोन ओळी खरडतात, शिक्का मारतात आणि हात झटकतात. वेलाफी शेझीनं तीन पानं लिहिली होती, कपाटागणिक आणि फळीगणिक. एवढं प्रामाणिक उत्तर बोंगेकिलेनं आजवर पाहिलं नव्हतं. म्हणूनच तिला ते खटकत होतं, आणि का खटकतंय ते कळत नव्हतं.

शेवटचं वाक्य तिनं पुन्हा वाचलं. 'हे रजिस्टर आज ज्या स्थितीत आहे, त्यात अशा माणसाची नोंद नाही.'

तिनं कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मोजपट्टी लावून सरळ कापलं होतं. आणि जोडीचं पान सुटू नये म्हणून कुणीतरी तिथं पातळ कागदाची चिकटपट्टी डकवली होती, नेटकी, एकही सुरकुती नसलेली.

*

अर्ज होता मा-न्गुबानेंचा. वय चौऱ्याहत्तर. दोन खोल्यांचं घर, दारात भोपळ्याचा वेल, आणि डॉक्टरांनी जिना चढायचा नाही म्हणून सांगितलेलं काळीज.

"साल सत्त्याऐंशी, ऑगस्ट," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ फानी बसथांब्यावर उभा होता. बावीस वर्षांचा. पोलिसांची पिवळी गाडी आली. बस आली तेव्हा थांबा रिकामा होता."

"अर्जात खूण लिहिली आहे तुम्ही, गोगो," आजीला म्हणावं तसं बोंगेकिले म्हणाली. "डाव्या पायाची दोन बोटं नाहीत."

"उसाच्या कोयत्यानं गेली. तेरा वर्षांचा होता. रडला नाही. मलाच म्हणाला, तू रडू नको, बोटं माझी गेलीत."

त्यांनी मक्याच्या आंबट पेजेचा पेला पुढे केला. बोंगेकिलेनं दोन्ही हातांनी घेतला.

"पोरी, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"नाही, गोगो."

"तो येतो. फाटकाशी उभा राहतो, अनवाणी. मी म्हणते, ये की आत. तर म्हणतो, कसा येऊ? मी दुसऱ्यांच्या घरात आहे. तिथली म्हातारी रोज जेवायला वाढते आणि वेगळ्याच नावानं हाक मारते."

बोंगेकिले हसली नाही. तिनं पेला खाली ठेवला.

"किती वर्षं येतोय?"

"पूर्वी नुसता उभा असायचा. हे बोलणं दहा-अकरा वर्षांतलं."

बोंगेकिलेनं ते वहीत लिहिलं नाही. स्वप्न पुरावा म्हणून चालत नाही.

"सापडला तर काय करणार आहात?"

"आणखी काय करतात? रानबोरीची फांदी घेऊन त्याच्या मातीवर जाईन. नाव घेईन, म्हणेन, चल फानी, घरी. तो फांदीवर बसून येईल, म्हणून वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही, नाहीतर भरकटेल तो." त्या वेलाकडे बघत राहिल्या. "घाई आहे गं. मी गेले की त्याचा चेहरा ओळखणारं कुणी उरणार नाही. मग तो कुणाच्या फाटकाशी उभा राहील?"

*

दे वाल म्हातारा वृद्धाश्रमाच्या ओसरीत गुडघ्यांवर शाल घेऊन बसला होता. सत्त्याऐंशी साली बेवारशी प्रेतांचं रजिस्टर त्याच्या ताब्यात होतं. गावात कुणालाही विचारलं असतं तर पान त्यानंच नाहीसं केलं म्हणाला असता. त्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्याकडून दुसरी अपेक्षा कुणी ठेवत नाही.

"पान कापलं?" तो सावरून बसला. "माझ्या रजिस्टरातलं?"

"तुमच्या फायद्याचंच आहे ते."

"फायद्याचं? बाई, पोलीस प्रेत आणून टाकत. नाव नाही, गाव नाही. वरचे म्हणत, नुसता आकडा लिही. मी उंची लिहिली. कपडे लिहिले. अंगावरच्या खुणा लिहिल्या. एवढंच काय ते मी आयुष्यात नीट केलं."

"आणि कुणाला सांगितलं?"

"लिहिलं आणि गप्प बसलो," तो म्हणाला. "रात्री वाटतं, ते सगळे पलंगाभोवती उभे आहेत, आपापला नंबर हातात धरून. विचारतात, पुढे काय?"

तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

"रजिस्टर कसं लिहायचात?"

"एका पानावर बारा नोंदी. मागची बाजू कोरी. दफनभूमीतही एका ओळीत बाराच. एक पान, एक ओळ, म्हणजे चूक होत नाही. सत्त्याऐंशीत कुंपणाकडेला नवी जागा मिळाली, तेव्हा नंबर पुन्हा एकपासून."

"कचेरीत शेवटचे कधी गेला होतात?"

त्यानं शाल बाजूला केली. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. "एकोणीस वर्षं झाली. तिकडे बावीस पायऱ्या आहेत."

वकिलाचं काम फोनवरच उरकलं. तो भलतंच साल बघून गेला होता, आणि हे रजिस्टर त्याच्यासाठी काढलंच नव्हतं. वहीत तशी नोंदही होती, वेलाफीच्याच अक्षरात.

*

एकशे अकराव्या पानाची शेवटची जागा छत्तीस होती. एकशे तेराव्याची पहिली एकोणपन्नास. म्हणजे गेलेलं पान चौथ्या ओळीचं. ती ओळ बघायला बोंगेकिले दुपारी वेलाफीला घेऊन दफनभूमीत गेली.

बेवारशांचा भाग कुंपणाच्या पार कडेला होता. पाट्या नव्हत्या. लोखंडाचे खुंट भंगारवाले कधीच उपटून घेऊन गेले होते. उरले होते गवताखालचे बुटके उंचवटे. वारा पडला होता, तरी गवत कुठंतरी हलत होतं. बोंगेकिलेला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय.

वेलाफी पुढे चालत होता. एकेका उंचवट्याला तो वळसा घालत होता, लहानपणी सगळ्यांना शिकवतात तसा. तिसऱ्या ओळीत तिचा पाय घसरला, तर म्हणाला, "सांभाळून, सिसी. झोपलेत."

चौथ्या ओळीत त्याचा फोन वाजला. आईचा होता.

"हो मा... नाही मा, दुपारी जेवलो... त्याच्यासाठी मांस आणतो, विसरलो नाही." बोलत बोलत तो ओळ ओलांडून सरळ अलीकडे चालत आला आणि फोन खिशात टाकला. "आई थकलीये. ऐंशी पूर्ण झाली."

"घरी आणखी कोण असतं?"

"मी. आई. आणि मोठा भाऊ." मग घाईनं म्हणाला, "म्हणजे, भाऊ वारलेला आहे."

राखणदार म्लाबा झाडाखाली बसून तपकीर ओढत होता. चौतीस वर्षं त्याच जागी. वेलाफी गाडीकडे गेल्यावर बोंगेकिले त्याच्याजवळ बसली.

"बाबा, या कोपऱ्यात कुणी येतं?"

"बेवारशांकडे कोण येणार? एकदा एक जण आला होता. अकरा वर्षं झाली असतील. रानबोरीची फांदी घेऊन."

तिच्या हातातली पेन्सिल थांबली. "कोण?"

"पाठमोरा होता. नगरपालिकेचं निळं जाकीट. मी हाक मारली, सानबोना म्हणून नमस्कार केला. तोंडातून शब्द नाही. आधी राग आला, म्हटलं, काय माजलाय. मग फांदी दिसली आणि मीच टोपी काढली."

"कुठल्या जागेवरनं नेलं?"

"या चार-पाच ओळींतून कुठूनतरी. तिथल्याला घेऊन गेला. फांदी पुढच्या सीटवर बसवली, पट्टा लावला आणि सावकाश गाडी हाकली. आता त्या जागी नुसती माती."

"निळी जाकिटं कुणाकुणाकडे असतात?"

"सगळ्यांकडे. माझ्याकडेसुद्धा," म्लाबा म्हणाला. "पण मी तपकिरीसाठी पाच मिनिटं गप्प बसत नाही, फांदी घेऊन घरापर्यंत काय बसणार?"

बोंगेकिले उठली. तिनं चौथी ओळ पुन्हा पाहिली. गवतात वेलाफीच्या बुटांची वाट अजून दिसत होती, वाकडी, प्रत्येक उंचवट्याला वळसा घालून गेलेली. एक ठिकाण सोडून. तिनं मोजलं. मग दुसऱ्या टोकाकडून मोजलं. दोन्हीकडून तीच जागा आली.

*

शनिवारी दुपारी ती वेलाफीच्या घरी गेली. आवारात सिमेंटचं घर आणि मागे जुनी गोल झोपडी. झोपडीच्या दारातून आतली मागची भिंत दिसत होती, पूर्वजांची जागा. तिथं मांसाची ताटली, पेजेचा पेला आणि भिंतीला टेकवलेली एक वाळकी काटेरी फांदी.

वेलाफीची आई, मा-डुमा, चटईवर बसून शेंगा सोलत होत्या.

"बस, पोरी. हळू बोला हं दोघं. माझा बेकी आत आहे."

वेलाफी तिला मोरीच्या नळापाशी घेऊन गेला. "इथं कशाला आलात, सिसी?"

"एक्केचाळीस नंबरसाठी."

तो नळाला टेकला.

"पान ज्यानं कापलं त्याला त्या रजिस्टरची काळजी होती," बोंगेकिले म्हणाली. "पुरावा लपवणारा पान ओरबाडतो. यानं जोडीचं पान सुटू नये म्हणून पट्टी डकवली. ते काम येणारा माणूस त्या कचेरीत एकच. मग तुमची शपथ. 'आज ज्या स्थितीत आहे.' तुम्हाला शपथेवर खोटं बोलता येत नाही, शेझी. म्हणून आधी पान काढलंत आणि मग शपथ घेतलीत. वहीतलं वकिलाचं नाव तुम्ही नुसतं दाखवलंत. त्यानं केलं असं म्हणाला नाहीत."

"यानं काय सिद्ध होतं?"

"फार नाही. दफनभूमीत सिद्ध झालं. तुम्ही प्रत्येक मातीला वळसा घालून चाललात. मला सांभाळून म्हणालात. आईचा फोन आला, लक्ष उडालं, आणि तुम्ही एका मातीवरून सरळ चालत आलात. ओळीतली पाचवी. सदतीसपासून मोजलं की एक्केचाळीस. आपल्यातला माणूस मेलेल्याच्या अंगावर पाय देत नाही. तिथं कुणीच नाही हे पक्कं ठाऊक असेल तरच देतो. तिथं कुणी नाही, कारण अकरा वर्षांपूर्वी निळं जाकीट घालून तुम्हीच त्याला फांदीवर घरी आणलंत."

वेलाफीनं चष्मा काढला. पुसायला मात्र विसरला.

"भाऊ बेकी," ती म्हणाली. "तोही सत्त्याऐंशीचाच?"

"त्याच महिन्यातला. मी नऊ वर्षांचा होतो. आई चोवीस वर्षं झोपली नाही, सिसी. दारात बसायची. रेकॉर्डरूमची नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी ती नोंद दिसली. अनोळखी पुरुष, वय अंदाजे बावीस, ऑगस्ट. वय जुळलं, महिना जुळला. उरलेलं मी जुळवलं."

"आणि पायाची बोटं?"

"शेऱ्यात होती. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत." त्याचा आवाज खोल गेला. "बेकीची सगळी होती. मी स्वतःला सांगितलं, पोलिसांनी तोडली असतील. आईला सांगितलं नाही. फांदी आत टेकवली त्या दिवशी ती झोपली. सलग दोन दिवस. मी श्वास चालू आहे का बघत होतो."

"मग मा-न्गुबानेंचा अर्ज आला."

"बोटं वाचली आणि कळलं. कुणाचा तरी फानी मी उचलून आणलाय. पान दिलं तर आईला कळणार की आत बसलाय तो परका, आणि बेकी अजून बाहेर आहे. पान जाळायला काडीही पेटवली होती. जमलं नाही. त्याचं जगात तेवढंच आहे."

"कुठंय ते?"

"आत. फांदीच्या मागे."

"मला लिहावं लागेल हे सगळं, शेझी. नोकरी जाईल. कदाचित कैदही."

"लिहा. फक्त आईला..."

"आईला काय?"

मा-डुमा दाराची चौकट धरून उभ्या होत्या. शेंगांची टोपली केव्हाच खाली राहिली होती.

त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. झोपडीच्या आत बघत होत्या.

"अकरा वर्षं वाढतेय याला," त्या हळूच म्हणाल्या. "हाक मारली की ओ देत नाही. माझा बेकी एवढा गरीब कधी नव्हता. मीठ कमी पडलं तर ताटली सरकवायचा. मला वाटायचं, मेल्यावर माणूस शहाणा होत असेल."

"मा, मी..."

"तू गप्प बस. तुझ्याशी मी नंतर बोलेन, आणि पुष्कळ बोलेन." मग बोंगेकिलेला विचारलं, "याला कोण आहे?"

"बहीण. तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. तिच्या फाटकाशी येऊन म्हणतो, आत येता येत नाही."

मा-डुमांनी डोळे मिटले. "अरे देवा. आणि मी रोज कडी लावून घेत होते, हा पुन्हा जाऊ नये म्हणून."

*

मा-न्गुबाने दुसऱ्या दिवशी सकाळी ताजी फांदी घेऊन आल्या. दोघी म्हाताऱ्या आवारात समोरासमोर उभ्या राहिल्या. बोंगेकिलेला वाटलं होतं, आता शिव्याशाप होतील. मा-न्गुबानेंचे ओठ हललेही. मग त्यांना पूर्वजांच्या जागेपुढची ताटली दिसली.

"मांस घालायचात त्याला?"

"दर शनिवारी. काल मीठ जास्त पडलं."

"त्याला खारटच आवडायचं," मा-न्गुबाने म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरलं नाही.

वेलाफीनं वाळक्या फांदीमागून पान काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. नजर वर केली नाही. दे वालच्या बारीक अक्षरात बारा ओळी होत्या. मा-न्गुबानेंनी पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

मग मा-डुमा आत गुडघ्यांवर बसल्या. "पाहुण्या," त्या भिंतीला म्हणाल्या, "चुकीच्या नावानं हाक मारली, राग धरू नकोस. तुझी बहीण आलीये. ऊठ."

मा-न्गुबानेंनी ताजी फांदी वाळकीवर टेकवली. "फानी, मी आहे. चल." त्यानंतर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत. टॅक्सीत दोन्ही फांद्या शेजारच्या जागेवर ठेवल्या. गाडी वळली तेव्हा त्या फानीला सांगत होत्या, आता नदी येईल, घाबरू नको.

धूळ खाली बसली. झोपडीत ताटली आणि पेला तसेच होते. मागच्या भिंतीपाशी काहीच नव्हतं. आता या बाईनं डोळ्याला डोळा लावायचा कसा, या विचारानं बोंगेकिलेला तिथं थांबवेना. ती निघायला वळली.

"पोरी, थांब," मा-डुमा म्हणाल्या. "त्या बाईनं जो कागद भरला होता, तसला मला दे."

बोंगेकिलेनं पिशवीतून कोरा अर्ज काढला. मा-डुमांनी तो मुलाच्या मांडीवर टाकला.

"तुझी नोकरी आहे तोवर एवढं काम कर. माझ्या बेकीचा अर्ज लिही. सगळी बोटं होती म्हणून लिही. आणि या वेळी काही जुळवू नकोस."

वेलाफीनं पेन उघडलं. नाव लिहिलं, वय लिहिलं, महिना लिहिला. बोटांपाशी अक्षर हललं, तिथं त्यानं पुन्हा गिरवलं.

"माहिती कशासाठी हवी, ते कुठं लिहायचं?" मा-डुमांनी विचारलं.

"ते लिहावं लागत नाही, गोगो," बोंगेकिले म्हणाली. "सरकारला कारण विचारायचा हक्क नाही."

म्हातारीनं त्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

"तरी लिही," ती मुलाला म्हणाली. "लिही, घरात जागा रिकामी आहे."